गाव सोडून जाणारी फुलपाखरे



पक्षी स्थलांतर करतात हे आपण शिकलो आहोत. पण काही फुलपाखरेही स्थलांतर करतात! स्थलांतर म्हणजे काय, हे आपल्या बीड जिल्ह्यात कुणाला समजावून सांगायला नको. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघतात. माझे आईबाबाही जातात आणि मी आजीजवळ राहते.

आपल्या माळावर श्रावणात पांढरट-हिरवट रंगाची फुलपाखरे दिसतात. ती फुलावर फार वेळ बसत नाहीत. एकामागून एक, सरळ एकाच दिशेला उडत जातात. आजी म्हणाली, "एवढ्या लगीनघाईनं कुठं चाललीत गं ही पाखरं?" या फुलपाखराचे इंग्रजी नाव एमिग्रंट, म्हणजे आपला मुलूख सोडून जाणारा. त्याच्या अळ्या टाकळा, तरवड, बहावा यांचा पाला खातात. अळ्या पानासारख्याच हिरव्या असतात, म्हणून पटकन दिसत नाहीत. एका जागी त्यांची संख्या फार वाढली की फुलपाखरे दुसरीकडे निघतात. म्हणजे पोटापाण्यासाठीच की!

दक्षिण भारतात तर हजारोंचे थवे जातात. त्यांत दोन फुलपाखरे मुख्य आहेत. एक काळपट तपकिरी, त्याला कॉमन क्रो म्हणजे साधा कावळा म्हणतात. दुसरे काळ्यावर निळसर ठिपके-पट्टे असलेले ब्लू टायगर. सह्याद्रीत धो धो पाऊस लागायच्या सुमारास ती पूर्वेकडच्या कमी पावसाच्या मुलखाकडे निघतात. तिथे कोवळा पाला फुटतो, त्यावर अंडी घालतात. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास थवे पुन्हा सह्याद्रीकडे वळतात, कारण कोरड्या दिवसांत तिथे सावली आणि ओलावा टिकतो. आपल्या महाराष्ट्रातले शास्त्रज्ञ कृष्णमेघ कुंटे यांनी या थव्यांचा अभ्यास करून २००५ साली लेख प्रसिद्ध केला.

आता खरी नवलाची गोष्ट. परत येणारी फुलपाखरे बहुतेक ती नसतातच! जी गेली त्यांची ती पोरे किंवा नातवंडे असतात. त्यांना वाट कोणी दाखवलेली नसते. माझे आईबाबा पाडव्याच्या पुढेमागे स्वतः परत येतात, म्हणून मला आपलेच स्थलांतर बरे वाटते.

रुईवरचे नारिंगी फुलपाखरू सर्वांनी पाहिले असेल. त्याची काळी-पिवळी-पांढरी पट्टेवाली अळी रुईचा पाला खाते. चिकातले विष तिच्या अंगात साठते, म्हणून पक्षी तिच्या आणि फुलपाखराच्याही वाटेला जात नाहीत. याचा चुलतभाऊ मोनार्क अमेरिकेत राहतो. तो कॅनडापासून मेक्सिकोच्या डोंगरापर्यंत चार हजार किलोमीटरपर्यंत उडत जातो, आणि वजन म्हणाल तर एक ग्रॅमसुद्धा नाही. सूर्य कुठे आहे ते पाहून तो दिशा ठरवतो. तो थंडीत नेमका कुठे राहतो, ती जागा शास्त्रज्ञांना १९७५ साली सापडली. तिथल्या गावकऱ्यांना मात्र ती फुलपाखरे आधीपासून माहीत होती. असेच असते. माळावरचे आधी गुराख्याला कळते.

बांध साफ करताना आपण रुई, तरवड, टाकळा काढतो, नाहीतर त्यावर तणनाशक मारतो. शेतात तण नको हे खरेच आहे. पण बांधाच्या कडेची चार झुडपे ठेवली तर वाटेवरच्या पाखरांना अंडी घालायला जागा राहील. भुरुंडी आणि खुळखुळाही ठेवावा. त्यांच्या वाळलेल्या काड्यांवर नर फुलपाखरे घोळक्याने बसून रस चोखतात.

आम्ही आता मोजणी करणार आहोत. मैदानातल्या दोन लिंबांच्या मध्ये दहा मिनिटे बघत उभे राहायचे. मधून किती फुलपाखरे गेली, कोणत्या दिशेला गेली, वारा कुठून होता, ऊन होते की ढग, हे वहीत लिहायचे. नुसती फुलाभोवती घुटमळणारी मोजायची नाहीत. वही पाचवीच्या खिडकीत ठेवली आहे, पेन्सिल दोऱ्याने बांधली आहे, कृपया कोणी नेऊ नये.

कारखान्याला जाणाऱ्या आईबाबांनो, ट्रॅक्टरवरून जाताना असा थवा दिसला तर फोनवर सांगा. कोणते गाव आणि थवा कुणीकडे चालला होता, एवढे पुरे. तुमच्या मुलाच्या नावाने आम्ही वहीत लिहू.