ताज्या भुवया पाहून क्लास लावू नका

“मुलगी मायक्रोब्लेडिंग शिकायचं म्हणतेय. एवढं शिकवलं ते काय पार्लर टाकायला?” बारावीच्या निकालानंतर हा प्रश्न आता तालुक्याच्या गावांतूनही येतो. त्यातली नाराजी सोडून द्या. काळजी मात्र रास्त आहे, फक्त ती योग्य जागी करायला हवी.

काम नेमकं काय?

थ्रेडिंगमध्ये केस काढतात. मायक्रोब्लेडिंगमध्ये पेनासारख्या दांडीला बसवलेल्या बारीक सुयांच्या ओळीने त्वचेवर केसाएवढे छेद देऊन त्यात रंग भरतात. पावडर ब्रोजमध्ये हेच काम मशीनने, ठिपक्याठिपक्यांनी होतं. रंग साधारण एक ते तीन वर्षं टिकतो.

खरं कसब खोलीचं. छेद उथळ गेला तर रंग खपलीबरोबर निघून जातो. खोल गेला तर रेघा फिसकटतात, भुवई राखाडी-निळसर दिसते, व्रणही राहू शकतो. या दोहोंमधलं अंतर मिलिमीटरच्या काही दशांशांचं. एका हाताच्या बोटांनी त्वचा ताणून धरायची आणि दुसऱ्या हाताने केसाच्या कलाप्रमाणे रेघ ओढायची. त्याआधी रंग लावलेल्या दोऱ्याने माप घ्यायचं, कारण कुणाच्याच चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात.

इथे येणाऱ्या सगळ्याच बायका हौसेखातर येत नाहीत. केमोथेरपीत भुवया गेलेल्या, चाई पडलेल्या, भाजल्याचे व्रण असलेल्या बायका आणि पुरुषही येतात. त्यांच्याशी बोलताना चित्रकलेइतकंच माणूस ओळखणंही लागतं.

आधी त्वचा, मग रेघ

बहुतेक भारतीयांची त्वचा रंगछटेनुसार गट पाडणाऱ्या फिट्झपॅट्रिक मापनाच्या सहा प्रकारांपैकी चौथ्या-पाचव्या प्रकारात येते. अशा त्वचेवर जखमेनंतर काळे डाग राहण्याची शक्यता जास्त असते. त्वचा तेलकट असेल तर बारीक रेघा लवकर पसरतात, तिथे पावडर ब्रोज बरे. गोऱ्या, कोरड्या त्वचेवरचे व्हिडिओ पाहून शिकलेला हात इथे फसतो.

नाही म्हणणं हाही शिक्षणाचाच भाग. गर्भवती, केलॉइडची (जखमेवर जाड व्रण वाढण्याची) प्रवृत्ती असलेल्या, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या किंवा साखर आटोक्यात नसलेल्या ग्राहकाला आधी डॉक्टरांकडे पाठवायचं किंवा सरळ नकार द्यायचा. आलेले पैसे परत पाठवण्याची तयारी नसेल, तर या धंद्यात पडू नये.

शिकायचं कुठे?

डॉक्टर-वकिलांसारखी राष्ट्रीय नियामक संस्था या कामावर नाही, त्यामुळे दोन दिवसांत प्रमाणपत्र हातात ठेवणारे क्लास भरपूर. दहावीनंतर आयटीआयचा एक वर्षाचा कॉस्मेटॉलॉजी ट्रेड किंवा तशाच चांगल्या संस्थेचा पायाभूत कोर्स आधी करा. त्यात त्वचेची ओळख आणि स्वच्छतेची शिस्त अंगी बाणते. मग एखाद्या अनुभवी कलाकाराच्या हाताखाली काम करा आणि त्यानंतरच मायक्रोब्लेडिंगचा कोर्स. लेटेक्सच्या शीटवर हात बसेपर्यंत माणसाच्या कपाळाशी जाऊ नका.

या कामात रक्ताशी संपर्क येतो, म्हणून हेपटायटिस बीची लस शिकायच्या वर्षातच घ्या. तिचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने लागतात.

पैशाचं गणित

सुरुवातीची एक-दोन वर्षं घर चालवेल ते थ्रेडिंग आणि फेशियल. भुवयांचं काम तोंडी शिफारशीवर हळूहळू वाढतं. स्वतःचं काम सुरू करताना मुद्रा योजनेत शिशू गटात 50 हजारांपर्यंत आणि किशोर गटात 5 लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. पण पहिल्याच दिवशी कर्ज काढून महागड्या क्लासची फी भरू नका.

फी भरण्याआधी

काम झाल्या झाल्या काढलेला फोटो प्रत्येकाचा देखणाच असतो. पहिले काही दिवस रंग गडद दिसतो, खपल्या निघाल्यावर फिका पडतो आणि चार-सहा आठवड्यांत ठरतो. म्हणूनच त्या सुमारास टच-अप करतात. शिकवणाऱ्याकडे त्यानंतरचे, शक्यतो वर्षभरानंतरचे, आपल्याकडच्या सावळ्या आणि तेलकट त्वचेवरचे फोटो मागा. नसतील तर दुसरा क्लास शोधा.

पालकांनी आणखी एक करावं. परवानगी घेऊन एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहावं. सुईचं पाकीट ग्राहकासमोर फोडलं का? मध्येच मोबाइल उचलला तर हातमोजे बदलले का? वापरलेली सुई टोक आरपार न जाणाऱ्या बंद डब्यात गेली की साध्या कचऱ्यात? या तीन गोष्टी जिथे चोख असतील, तिथे मुलीला पाठवायला हरकत नाही. मुलगा जायचं म्हणत असेल, तर त्यालाही.