घरच्या अंड्यांनी बुडवलेली बॅच

जालना जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची रेशमाची बॅच मस्त निघाली होती. कोष टणक, पांढरेशुभ्र. दर वेळी अंडीपुंज विकत कशाला आणायचे, या विचाराने त्यांनी टपोरे शंभर कोष निवडून बाजूला ठेवले. दहा-बारा दिवसांत पतंग बाहेर पडले, जोड्या लागल्या आणि माद्यांनी कागदावर खसखशीएवढी पिवळी अंडी घातली. एक मादी चारशे-पाचशे अंडी घालते. घरात सगळे खूश!

दोन-तीन दिवसांत बहुतेक अंडी जांभळट-करडी पडली, आणि ती फुटलीच नाहीत. बायव्होल्टाइन जातीची अंडी अशी झोपी जातात. त्यांना जागं करायला शीतगृहातले महिने लागतात, नाहीतर घातल्यापासून दिवसभराच्या आत गरम हायड्रोक्लोरिक ॲसिडची मोजूनमापून केलेली प्रक्रिया. घरी यातलं काहीच जमण्यासारखं नाही.

खरा घात केला तो थोड्या फुटलेल्या अंड्यांनी. त्या अळ्या त्यांनी विकतच्या बॅचसोबत एकाच संगोपनगृहात वाढवल्या. पुढे रॅकवर लहानमोठ्या अळ्या दिसू लागल्या, काहींच्या अंगावर मिरपूड शिंपडल्यासारखे काळे ठिपके. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर पेब्रिन निघाला. "अंड्यांचे पैसे वाचवायला गेलो आणि अख्खी बॅच खड्ड्यात पुरली," हे सांगताना त्यांचा आवाज आजही बसतो.

पेब्रिन हा रोग आईकडून अंड्यात उतरतो. वरून अंडं कितीही निरोगी दिसो, आत रोग असू शकतो. 1865 मध्ये फ्रान्सच्या आलेस भागात रेशीम उद्योग याच रोगाने मोडकळीला आला होता, तेव्हा लुई पाश्चर तिथे गेले. अंडी घातल्यावर मादी कुटून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायची आणि ती रोगी निघाली तर तिची अंडी जाळायची, ही त्यांनी घालून दिलेली रीत. अंडीपुंज निर्मिती केंद्रात आजही हेच तत्त्व पाळतात. आपण पैसे मोजतो ते या तपासणीसाठी, आणि ते पैसे वाचवण्यासारखे नाहीतच.

अंडीपुंज आणल्यावरही जपावं लागतं. प्रवास सकाळी किंवा संध्याकाळी, उन्हात नाही. पिशवीत खत नको, कीटकनाशक तर नकोच. घरी 25 अंश तापमान आणि 75 ते 80 टक्के आर्द्रता ठेवावी. अंड्यांवर काळा ठिपका दिसला की ती काळ्या कागदात गुंडाळून दोन दिवस अंधारात ठेवायची आणि पहाटे उजेडात उघडायची. मग बहुतेक अळ्या एकदम बाहेर पडतात. पुढे पाला घालणं, कात टाकणं, सगळं एका वेळी होतं. नव्या माणसाने मात्र अंड्यांऐवजी सरळ चॉकीच, म्हणजे केंद्रात वाढवलेल्या लहान अळ्याच, घ्यावी.

आणि अळ्यांवर ते मिरपुडीसारखे ठिपके दिसलेच, तर पाला टाकत वाट पाहू नका. चार अळ्या बंद डबीत घेऊन त्याच दिवशी जिल्ह्याचं रेशीम कार्यालय गाठा.