न सुचलेले प्रश्न

अगं, ऑफिसात कोड कळणारी तू एकटीच आणि अडलं तर विचारायचं कुणाला, ही तुझी काळजी खोटी नाही. पहिल्याच नोकरीत असं एकटं पडलं की रोज संध्याकाळी वाटत राहतं, बरोबरच्या मुली मोठ्या कंपन्यांत शिकून पुढे चालल्या आणि आपण इथे नुसतं निभावतोय. पण तुझ्याकडे नक्की काय कमी आहे, ते आधी बघू या.

उत्तरं कमी नाहीत. स्टॅक ओव्हरफ्लोवर २००८ पासूनचे प्रश्न साठलेत, एआय तर मिनिटात कोड लिहून देतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत, जँगो गर्ल्सचं ट्युटोरियल फुकट आहे. तेव्हा कुठल्याशा ‘मेंटॉरशिपसकट’ महागड्या कोर्सला पैसे भरायची घाई करू नकोस. शेजारी अनुभवी माणूस बसलेला असला की त्याचा खरा उपयोग वेगळाच असतो. तुला जे विचारायचं सुचलंच नाही, ते त्याला दिसतं.

तुझंच बिलिंगचं काम घे. रक्कम फ्लोटमध्ये ठेवलीस, चार बिलं करून पाहिलीस, बरोबर आली. आता पायथॉनला ०.१ अधिक ०.२ विचार. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४, कारण हे दशांश बायनरीत नेमके मावत नाहीत. अठरा टक्के जीएसटी सीजीएसटी-एसजीएसटीत नऊ-नऊ असा वाटताना, वर्षभराच्या बिलांत कुठेतरी पैशाचा फरक पडणार आणि तो मार्चअखेरीस बाहेर येणार. एआयला ‘बेरीज करून दे’ म्हटलंस तर ते बेरीज करून देईल. रक्कम फ्लोटमध्ये ठेवावी का, ही शंका मात्र तुझ्याच मनात यायला हवी.

ती यावी म्हणून तुझ्याच विषयातला, जुना, वापरात असलेला कोड वाच. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईच्या फ्रॅपेचं सॉफ्टवेअर, सगळा कोड गिटहबवर खुला. तिथे रुपयांचे रकाने डेटाबेसमध्ये डेसिमल आहेत आणि किती दशांश स्थळांपर्यंत राउंड करायचं ते जागोजागी ठरवलेलं. सगळं वाचायला जाऊ नकोस, वेडी होशील. सेल्स इन्व्हॉइस तेवढं उघड. माझ्याकडे नसलेलं हे फील्ड यांनी कशाला ठेवलं? रद्द केलेलं बिल पुसून न टाकता ‘कॅन्सल्ड’ म्हणून का राहू दिलं? एखादी ओळ विचित्र वाटली की गिट ब्लेम लाव. ती कुठल्या कमिटमध्ये आली ते कळेल, तिथून पुल रिक्वेस्ट, आणि तिच्याखाली चर्चा असेल तर तीही. मला विचारशील तर कुठल्याही व्हिडिओपेक्षा त्या चर्चांतून जास्त शिकायला मिळतं, कारण एखादा कोड का नाकारला, हेही तिथे लिहिलेलं असतं.

आणि तुमचे ते अकाउंट्सचे काका? त्यांना कोड कळत नाही म्हणून तू त्यांना हिशेबातच धरत नाहीस. विचार त्यांना, ‘काका, गिऱ्हाइकानं अर्धा माल परत पाठवला तर तुम्ही काय करता?’ क्रेडिट नोट, मागच्या तारखेचं बिल, चुकलेला जीएसटी नंबर, सगळं चहा संपायच्या आत सांगतील. त्यांच्या प्रत्येक उत्तराची एक टेस्ट लिहून ठेव. पुढे कधी कोड बदलताना यातलं काही मोडलं, तर ती टेस्ट लगेच सांगेल.

बाहेर कुणाला विचारशील तेव्हा कोड कमी करत करत वीस-तीस ओळींवर आण. एरर मजकूर म्हणून चिकटव, स्क्रीनशॉट नको. काय काय करून पाहिलंस तेही लिही. ‘सर, प्लीज गाइड करा’ असा मेसेज आला की समोरच्याला काय उत्तर द्यावं तेच कळत नाही. ‘या एवढ्या ओळी आहेत, इथे मला शंका येते’ असं लिहिलं की पुष्कळ माणसं वेळ काढतात. मुलगी विचारतेय म्हणून आगाऊपणे बोलणारेही भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस; मुद्दा खरा असेल तर तेवढा घे.

पण हे सगळं केलंस तरी अशी एकटी फार वर्षं राहू नकोस गं. आपला कोड रोज कुणीतरी वाचणं, याची उणीव दुसऱ्या कशानं भरून निघत नाही. पुढच्या मुलाखतीत पगाराइतक्याच ठामपणे विचार, ‘माझा कोड मर्ज व्हायच्या आधी कोण वाचेल?’ ‘आमची टीम खूप सीनियर आहे’ असं गुळमुळीत काही ऐकलंस तर पुढचा प्रश्न टाक, ‘गेल्या आठवड्यात रिव्ह्यूत कुणाला काय बदलायला सांगितलंत?’ जिथे खरोखर रिव्ह्यू होतो, तिथला माणूस लगेच एखादं उदाहरण सांगेल. तिथे पगार दोन-चार हजारांनी कमी असला तरी हो म्हण.