एमसीबी तारेचा रक्षक, आरसीसीबी देहाचा

शाळेच्या मीटरजवळ एमसीबीचा खटका बसविलेला असला की विद्यार्थी सुरक्षित आहेत, अशी समजूत आढळते. वस्तुतः तो खटका अतिरिक्त प्रवाहाने तापणाऱ्या तारेचे रक्षण करतो. दाब २३० व्होल्ट व शरीराचा रोध सुमारे १००० ओहम धरल्यास देहातून ०.२३ अँपिअर प्रवाह वाहतो. एवढा प्रवाह प्राणघातक ठरू शकतो. परंतु ६ अँपिअरच्या एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही. आरसीसीबी मात्र जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांची तुलना करतो आणि ३० मिलिअँपिअरची तफावत पडताच वीज तोडतो. दोन्ही तारांना एकदम स्पर्श झाल्यास मात्र तोही असहाय ठरतो. शाळेत दोन्ही खटके असावेत. शिक्षकांनी हे गणित वर्गात सोडवून घ्यावे. आरसीसीबीची चाचणीची कळ दरमहा दाबून पाहावी आणि खटका न पडल्यास परवानाधारक वीजतंत्र्यास तत्काळ बोलवावे.