नावं पाहून तिकीट काढू नका

पोस्टरवर आवडत्या नटनट्यांची नावं आहेत, एवढ्यावर प्रेमकथेचं तिकीट काढू नका, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगतो. आमचं अमरावती हे सी.पी. बेरार या सिनेवितरणाच्या सर्किटचं जुनं केंद्र, म्हणून सांगतो. नावं पाहून सिनेमा घेणं हा वितरकाचा धंदा आहे, प्रेक्षकाला तशी सक्ती नाही.

गेल्या हिवाळ्यात अकोल्याच्या मावशी आमच्याकडे आल्या होत्या. वऱ्हाडातल्या लग्नघराची गोष्ट, हसवता हसवता रडवणारी, अशी सिनेमाची जाहिरात होती. कलाकार एकापेक्षा एक. घरचे सगळेच गेलो.

त्यातला एक प्रसंग अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मुलीचं लग्न मोडतंय हे आईला स्वयंपाकघरात कळतं. आईचं काम करणारी बाई रंगभूमीवर गाजलेली. लाटण्यावरचा हात थांबला, मान वर झाली, आता ही काहीतरी बोलणार, तेवढ्यात कॅमेरा अंगणात! नायक स्लो मोशनमध्ये बुलेटवरून उतरतोय आणि गाणं सुरू. यानंतर ती दिसली ती थेट पंगतीत वाढताना. मावशी न राहवून म्हणाल्या, "काहून बाप्पा, एवढ्या मोठ्या बाईले निस्तं वाढालेच ठेवलं?"

नट कितीही तयारीचा असो, लिहिलंच नाही ते तो करणार कुठून? हलक्याफुलक्या प्रेमकथेत तर विनोद बोलणाऱ्याच्या तोंडात अर्धाच असतो, उरलेला ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर पिकतो. तो चेहरा कापला की हसूही जातं आणि प्रेमही. सतीश राजवाडे यांचा 'मुंबई-पुणे-मुंबई' (2010) आठवून पाहा. पात्रांना नावंसुद्धा नाहीत, पण स्वप्नील जोशी बोलत असताना मुक्ता बर्वे ऐकते कशी, हे पाहायला वेळ दिलेला आहे.

आमच्या बोलीचं दुखणं वेगळंच. वऱ्हाडी नट पडद्यावर आला की त्याने 'बाप्पा' म्हणायचं, लोकांनी हसायचं, आणि त्याचं काम संपलं. भारत गणेशपुरे यांनी 'चला हवा येऊ द्या'मधून ही बोली महाराष्ट्रभर घराघरांत पोचवली, तिच्यावर लोकांचा जीव जडला. त्या जिवावर नुसता हशा वसूल करायचा, हे मला सहन होत नाही. या बोलीत आम्ही रुसतो, लाजतो, कर्जाचा हिशेब करतो, मयतीला रडतो. यवतमाळकडच्या सतीश मनवर यांच्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये (2009) ते दिसलं. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर आपल्याही नवऱ्याचं काही बरंवाईट होईल म्हणून सोनाली कुलकर्णीची अलका पोराला त्याच्या मागे लावते. त्या धास्तीतही हसू येतं. नवऱ्याच्या भूमिकेत गिरीश कुलकर्णी आणि म्हातारीच्या भूमिकेत ज्योती सुभाष, प्रत्येकाला काहीतरी हवंय, प्रत्येकाला कशाची तरी भीती आहे. बायकोची माया काय असते, हे मला तिथे कोणत्याही प्रेमगीतापेक्षा जास्त समजलं.

मग पाहावं काय? ट्रेलरमध्ये दोन माणसं एका चौकटीत गाण्याविना चार वाक्यं तरी बोलतात का, ते बघा. सगळं नाच, हळद आणि फटाके असेल तर जपून. कथा, पटकथा, संवाद कोणाचे ते वाचा, त्या लेखकाचं आधीचं काम आठवा. थांबून मात्र बसू नका. आपल्याकडे मराठी सिनेमाला खेळ कमी मिळतात, तेही अडनिड्या वेळी, आणि वाट पाहण्यात चांगला सिनेमा निघून जातो.

युवा महोत्सवाची पोरं एकांकिका आणि शॉर्ट फिल्मच्या संहिता घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना आधी एकच काम देतो. नायक-नायिका बाजूला ठेवा आणि आई, काका, मित्र यांना स्वतःसाठी काय हवंय ते एकेका ओळीत लिहून आणा. ज्याची ओळ लिहिता येणार नाही, ते पात्र काढून टाका. चांगल्या नटाला तेवढ्यासाठी अकोल्याहून बोलावू नका.