३.४ छळ आणि लिपी : महानुभावांची सकळ लिपी

मागील भागात आपण 'लीळाचरित्रा'च्या गद्याचा परिचय करून घेतला. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी सिद्ध केलेले हे गद्य सुमारे सहा शतके सर्वसामान्य मराठी वाचकाच्या दृष्टीआड का राहिले, हे आता पाहू.

त्यासाठी थोडे दूर जावे लागेल. इ. स. ३०३ मध्ये रोमन सम्राट डायोक्लीशन याने ख्रिस्ती धर्मग्रंथ जाळण्याचा हुकूम काढला. भयापोटी ज्यांनी ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली केले, त्यांना स्वधर्मीयांनी 'हवाली करणारे' या अर्थाचे लॅटिन नाव दिले. 'विश्वासघातकी' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याच मूळ क्रियापदावरून आलेला आहे. ग्रंथ राखणे ही तेथे निष्ठेची कसोटी ठरली.

महानुभावांची स्थिती हुबेहूब अशी नव्हती. तथापि स्त्री-शूद्रांना संन्यासाचा अधिकार देणारा हा पंथ प्रस्थापितांना रुचला नाही. चक्रधरांना झालेल्या विरोधाच्या हकिकती पंथीय ग्रंथांत आहेत. पुढे चौदाव्या शतकात पोथ्या सांकेतिक लिपीत लिहिल्या जाऊ लागल्या. सकळ लिपीचे जनकत्व परंपरा रवळोव्यासांकडे देते. या लिपीत नागरी वर्णाच्या जागी ठरलेला दुसरा वर्ण वा चिन्ह येते. भाषा मराठीच; परंतु किल्ली ठाऊक नसलेला वाचक पहिल्याच ओळीत अडतो. सुंदरी, अंक अशा आणखीही लिपी पंथात होत्या.

ही लिपी केवळ भयातून जन्मली, असे पुष्कळदा लिहिले जाते. मला ते अपुरे वाटते. ब्रह्मविद्या अनधिकाऱ्याच्या हाती पडू नये, हा आग्रहही तिच्यामागे होता. येथे एक विसंगती ध्यानात घ्या. केशिराजांनी संस्कृतात लिहू नये, त्याने आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, असे बजावणारे नागदेवाचार्य याच पंथाचे. ज्यांनी मराठी सर्वांसाठी स्वीकारली, त्यांच्याच अनुयायांनी ती कुलूपबंद केली. कुलपामुळे पोथ्या टिकल्या, हे खरे. पण पुढील मराठी गद्यलेखकांना हा वारसा मिळाला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला आणि पुढे ह. ना. नेने यांनी 'लीळाचरित्र' संपादून प्रसिद्ध केले.

स्वयंअध्ययन : कंधार येथे राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातील संस्कृत शिलालेख मिळाला आहे. याच नांदेड जिल्ह्यातील माहूर हे महानुभावांचे तीर्थक्षेत्र. दगडावर उघड कोरलेला राजाचा लेख आणि सकळ लिपीतील पोथी यांचे 'अपेक्षित वाचक' कोण, हे दहा ओळींत लिहा.