कटर घ्यायचा, पण कुणाच्या हातात द्यायला?

ठाण्याहून एका वाचकांनी लिहिलं आहे : "वय ६४, बँकेतून निवृत्त. गुहागरकडे वडिलोपार्जित वाडी आहे, वर्षातले चार-पाच महिने तिथेच असतो. दोन जुने आंबे वठलेत, काही माड वादळात आडवे झाले ते तसेच पडून आहेत. गडी वेळेवर मिळत नाही, म्हणून चेनसॉ घ्यायचं ठरवलंय. दुकानदार म्हणतो, ५८ सीसीचा, २२ इंची घ्या, एकदाच काय तो मोठा. तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे, बाकी तब्येत ठणठणीत. कुठला घ्यावा?"

आरोग्याच्या सदरात हा प्रश्न कसा, असं काहींना वाटेल. पण २०२० च्या जूनमधलं निसर्ग आणि २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते, ही दोन वादळं येऊन गेल्यापासून आमच्या किनारपट्टीत पडवीत कोयता-कुऱ्हाडीच्या शेजारी कटरही दिसू लागला. चेनसॉला इथे सगळे कटरच म्हणतात. त्याच्या जखमाही मग दवाखान्यात येऊ लागल्या. कोयत्याची जखम खोल असली तरी बहुधा सरळ असते, कडा जुळवून टाके घालता येतात. कटरच्या जखमेत मधलं मांसच जागेवर नसतं. साधारण पाव इंच रुंदीचा पट्टा चेन ओरबाडून घेऊन जाते, आणि त्या जागी भुसा, तेल आणि पँटचे धागे ठेवून जाते. जोडायला कडा सापडत नाहीत आणि जखम चिघळायला सगळी सामग्री हजर असते.

तेव्हा थेट उत्तर आधी देतो. ५८ सीसीचा कटर तुम्ही घेऊ नका. आणि लहान घ्यायचा तरी दुकानात जायच्या आधी घरातली गोळ्यांची पिशवी उघडून बसा.

स्टेंट बसवलेल्यांना ॲस्पिरिन असते, काहींना सोबत क्लोपिडोग्रेल. झडप बदललेल्यांना वॉरफरिन असतं. या गोळ्या चालू असताना साध्या ओरखड्याचंही रक्त लवकर थांबत नाही, मग मांडीवर चेन लागली तर काय, हे सांगायला नको. उलट, झाड कापायचंय म्हणून दोन दिवस गोळी बंद ठेवू, असा हिशेब कुणी मनातही आणू नये. त्यातून स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. पेसमेकर असेल तर आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय कटर छातीजवळ धरू नका, कारण इंजिनातल्या ठिणगीच्या यंत्रणेभोवती किंवा विजेच्या मोटरभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. फिट येण्याचा इतिहास असेल, मधुमेहामुळे हातापायांना बधिरपणा असेल, एका डोळ्याला मोतीबिंदू पिकल्यामुळे अंतराचा अंदाज येत नसेल, तर हे काम तुमचं नाही. सर्दीची किंवा खाजेची गोळी घेऊन झोप येत असेल त्या दिवशीही नाही. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी सकाळी चहावर कटर सुरू करू नये. साखर उतरल्यावर हात कापायला लागतो, आणि हातात काय आहे ते लक्षात घ्या.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. हे यंत्र मुळात आमच्याच घरातलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या दोन स्कॉटिश डॉक्टरांनी साखळीसारखी दातेरी करवत वापरात आणली. अडलेल्या बाळंतपणात ओटीपोटाच्या हाडांमधला सांधा मोकळा करायला आणि सडलेलं हाड काढायला. दोन्ही टोकं हातात धरून ती ओढायची. पुढे १८३० च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन वैद्याने हँडल फिरवून चालणारी, पट्टीवरून साखळी फिरणारी करवत हाडांसाठी केली. चित्रात ती पाहिली तर आजच्या कटरची आजीच वाटते. म्हणजे हाड कापायला हे यंत्र पहिल्यापासून लायक आहे. कुणाचं, हे ते विचारत नाही.

आता निवड. जाहिरातीत लिहिलेलं वजन बहुतेक वेळा नुसत्या इंजिनाचं असतं. त्यात बार, चेन, भरलेली पेट्रोलची टाकी आणि चेनचं तेल धरलं की २२ इंची मोठा कटर सहज सहा-सात किलोंवर जातो. हे वजन अंगापासून लांब, वाकून, पाय उतारावर रोवून पेलायचं असतं. कंबर आणि खांदा दमला की पहिल्यांदा नजर सैल होते आणि मग पकड. म्हणून दुकानदाराला सांगा, टाकी भरून, बार लावून हातात दे. इंजिन बंद ठेवून कमरेच्या उंचीवर दोन मिनिटं धरून उभे राहा. हात थरथरला तर तो कटर तुमचा नाही, किंमत कितीही कमी करून देवो. पडलेला माड फूटभर जाडीचा असतो, फांद्या त्याहून बारीक. त्याला १४ इंची बार पुरतो, फार तर १६. इंजिन ३५ ते ४० सीसीचं.

लांब बार नको म्हणतो त्याला वजनापेक्षा मोठं कारण आहे. चेन बारच्या वरच्या बाजूने पुढे धावते. बारच्या टोकाचा वरचा भाग एखाद्या फांदीला किंवा खालच्या ओंडक्याला टेकला आणि दात अडकले, की सगळी ताकद उलटी फिरते आणि कटर उसळून चेहऱ्याकडे, मानेकडे येतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे होतं, सावध असण्याचा उपयोग होत नाही. टोक जितकं लांब तितकं ते कुठे टेकलंय हे कळणं कठीण. अरुंद टोकाचा बार आणि कमी उसळणारी चेन मागून घ्या. पुढच्या हँडलसमोरची उभी पट्टी, म्हणजे चेन ब्रेक, दुकानातच तपासा. दुकानदाराला चेन फिरवायला सांगा, त्याने पट्टी पुढे ढकलली की चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. रेस सोडल्यावर इंजिन चालू असताना चेन सरकताही कामा नये. डावा अंगठा पुढच्या हँडलखालून पूर्ण वळवून धरायचा, वरून नुसता टेकवायचा नाही. आणि डावखुऱ्यांनो, उजवा हात मागे, डावा पुढे, हीच पकड तुम्हालाही. यंत्र त्याच हिशेबाने बनलेलं आहे, हात बदलले की चेन आणि अंग एका रेषेत येतात.

ऑनलाइन दोन वस्तू स्वस्तात मिळतात त्यांच्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. पहिली म्हणजे अँगल ग्राइंडरला लावायचा चेनचा जोड. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेतो, चेन त्या वेगासाठी नसते. त्याला ब्रेक नाही, मागच्या हातासाठी आडोसा नाही, नीट तेल पोचायची सोय नाही. हजार-दीड हजार वाचवायला ही वस्तू घरात आणू नये. आणली असेल तर कुणाला देऊही नका, मोडून टाका. दुसरी म्हणजे एका हातात मावणारी चार-सहा इंची बॅटरीची करवत. ती वाईट नाही, पण एका हाताने चालते म्हणून दुसरा हात फांदी धरायला जातो, आणि चेन बरोबर त्याच हातावर येते.

पेट्रोल की बॅटरी? तुमच्या वयाला आणि तुमच्या कामाला मी बॅटरीचा १२ ते १४ इंची कटर सुचवेन. दोरी ओढून इंजिन चालू करताना खांद्याला बसणारे हिसके वाचतात, धूर नाही, थरथर कमी. पेट्रोलच्या कटरचा धूर नाकापासून हातभर अंतरावर सुटतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. दाट पोफळीत, वारा पडलेला असताना तासभर काम करून डोकं धरलं, मळमळलं, तर ते ऊन लागलं असं समजून लिंबू सरबत पीत बसू नका, आधी मोकळ्या हवेत या. बॅटरीच्या कटरचा धोका वेगळा आहे. तो गप्प असतो, त्यामुळे बंद आहे असं वाटतं. चेनला हात लावण्याआधी बॅटरी बाहेर काढायची, दर वेळी.

कानांचं गणित सोपं आहे. अमेरिकेतल्या निऑश या कामगार आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास चालतो, आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. शंभर डेसिबलला उरतात १५ मिनिटं. पेट्रोलचा कटर कानाशी याहूनही मोठा असतो. कापूस कोंबून काही होत नाही, कानावर बसणारे मफ घ्या. गेलेलं ऐकू येणं कुठल्याही औषधाने परत येत नाही.

थरथरीची ओळख लोकांना कमी आहे. वर्षानुवर्षं ती हातात मुरली की बोटांच्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात. थंडीत पहाटे गार पाण्यात हात घातला की एक-दोन बोटं पांढरीफटक पडतात, मग झिणझिण्या, पुढे पुढे सदऱ्याची गुंडी लावता येईनाशी होते. माहितीपुस्तिकेत प्रत्येक हँडलची थरथर मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात दिलेली असते. युरोपातल्या कामगार नियमांत आठ तासांच्या सरासरीला २.५ पासून खबरदारी सुरू होते आणि ५ ही कमाल मर्यादा. दोन कटरमध्ये निवड करताना किमतीआधी हा आकडा बघा. इंजिन आणि हँडल यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा रबर आहे ना, तेही. चेन बोथट झाली की थरथर वाढते आणि माणूस जोर लावतो. लाकडाच्या ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की थांबा आणि कानस काढा.

लुंगी, गमछा, गळ्यातला गोफ, मनगटावरचा गंडा यांतलं काहीही अंगावर नको. जीन्स म्हणजे संरक्षण, हा समज सोडा, चेनला ती कागदासारखी. कटरसाठीची खास पँट मिळते. तिच्यातले लांब चिवट धागे बाहेर ओढले जाऊन चाकात गुंततात आणि चेन थांबते. पहिल्या वर्गाची पँट सेकंदाला २० मीटर वेगाच्या चेनसाठी तपासलेली असते. महाग आहे, कोकणच्या दमटपणात उकडतंही. म्हणून काम सकाळी दहाच्या आत उरका, दुपारी नको. जाळीचं हेल्मेट आणि पुढे पोलादी टोपी असलेले बूट हे त्याच बिलात आलं पाहिजे. त्यासाठी पैसे उरत नसतील तर कटर लहान घ्या.

चेनला जळकं ऑइल घालायची पद्धत सर्रास आहे. ते फुकट मिळतं, पण चेन ते तुषारांसारखं तोंडावर आणि फुप्फुसात उडवते. वापरलेल्या इंजिन तेलात कर्करोगाला कारण होणारी द्रव्यं असतात. चेनचं तेल विकतच घ्या. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. त्यांचा चीक उडून चेहऱ्यावर फोड येतात, म्हणून पूर्ण बाह्यांचा सदरा हवा आणि काम झाल्यावर साबणाने लगेच धुणं.

तुमच्या वठलेल्या आंब्यांना मात्र हात लावू नका. उभं झाड पाडणं हे दोरखंड बांधून चार जाणत्या माणसांचं काम आहे, आणि आंबा, फणस, साग, खैर अशी झाडं स्वतःच्या मालकीच्या जागेतही १९६४ च्या कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. जवळून तारा जात असतील तर महावितरणला कळवून वीज बंद करून घ्या. आडव्या माडांतही ज्याची मुळं मातीसकट वर उचलली गेली आहेत तो सोडा. खोड कापताच मुळांचा गड्डा झपकन जागेवर परततो आणि मधे जे असेल ते दाबतो. शिडीवर चढून नाही, खांद्याच्या वर नाही आणि एकट्याने कधीच नाही.

लागलंच तर स्वच्छ कापड जखमेवर ठेवून तळहाताने जोराने दाबा आणि दाबतच राहा. थांबलं का म्हणून उचलून बघू नका. १०८ ला फोन दुसऱ्याने करायचा. दगडी पाला, हळद, चहापूड काही भरू नका, आम्हाला ते पुन्हा खरवडून काढावं लागतं. हाता-पायातून रक्ताची चिळकांडी दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर तीन बोटांवर, सांधा सोडून, दोन इंच रुंदीची पट्टी बांधा, तिच्यात काठी घालून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि वेळ लिहून ठेवा. सुतळी किंवा तार नको. बांधलेलं वाटेत सैल करायचं नाही. बोट तुटलं तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फाला लावलं की ते मरतं. वाटेत खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागते. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आजच आठवा. अशा मळक्या जखमेला पाच वर्षं उलटून गेली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, "बरं, घेतो लहान, पण चालवेल गडी." पुष्कळ घरांत असंच होतं. कटर मालकाचा, हात गड्याचे. तो आज तुमच्याकडे, उद्या शेजारी, परवा खालच्या वाडीत. बोटं त्याची पांढरी पडणार, कान त्याचे जाणार. तेव्हा दुकानात जाताना त्यालाच बरोबर न्या. दोन मिनिटं कटर त्याने धरायचा, चेन ब्रेक त्याच्या मनगटाने दाबून बघायचा. बूट त्याच्या मापाचे, पँट त्याच्या कमरेची. आणि त्याला बीपीची, मधुमेहाची, रक्त पातळ करणारी कुठली गोळी चालू आहे का हे वाटेत विचारून घ्या, कारण दुकानदार विचारणार नाही.